घाटघरचा काढा कर्जतला चालेल का?

जुलैच्या मध्यावर अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर-रतनवाडीच्या परिसरात, सूर्यदर्शन ही सांगण्याजोगी गोष्ट असते. गुडघाभर चिखलात भाताची आवणी चाललेली असते. अंगावरचे कपडे दिवसभर ओले असतात, घरात वाळत घातलेलेही ओलेच. चुलीवर कोरा चहा उकळत असतो आणि त्यात ठेचलेले आले पडते. दारात गवती चहाचा ठोंब असेल तर त्याची दोन पातीही मुरगाळून टाकली जातात. त्याच आठवड्यात, दीड-दोनशे किलोमीटरवर, कर्जत-जामखेडकडचा शेतकरी दुबार पेरणीच्या धास्तीने आभाळाकडे पाहत असतो. तिथे पावसाऐवजी वारा असतो. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणून वर्तमानपत्रे त्याला नगरची चेरापुंजी म्हणतात. जिल्ह्याच्या पूर्व-दक्षिण भागाला मात्र पाचशे-सहाशे मिलिमीटरवर वर्ष काढावे लागते.

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला, सतरा हजार चौरस किलोमीटरचा हा नगर जिल्हा २०२४ मध्ये अहिल्यानगर झाला. कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखरही त्याच्याच हद्दीत आणि रेहेकुरीचे काळवीट अभयारण्यही. आज घाटघरच्या दुकानात आणि कर्जतच्या दुकानात ‘हर्बल टी’चे पाकीट मात्र एकच मिळते: तुळस, सुंठ, दालचिनी, वर ‘सर्वांसाठी उपयुक्त’ अशी ग्वाही. आयुर्वेदाला पटणार नाही ती नेमकी हीच ग्वाही.

जमीन पाहून पेय

चरकसंहितेच्या कल्पस्थानात देशाचे, म्हणजे भूप्रदेशाचे, तीन प्रकार सांगितले आहेत. जांगल देश म्हणजे मोकळे आकाश, कोरडा वारा, कमी पाणी, बोर-खैरासारखी काटक झाडे. आनूप देश म्हणजे भरपूर पाणी, दाट झाडी, गार व दमट हवा. दोन्हींचे गुण मिसळलेला तो साधारण देश. जांगल देशात वाताचे प्राबल्य, आनूप देशात कफाचे आणि साधारण देशात दोष समतोल, असे प्राचीन ग्रंथकार वाग्भट सांगतो. जांगल प्रदेशाचे प्राणी म्हणून ग्रंथांत हरणांचा उल्लेख येतो. रेहेकुरीच्या माळावर बोरी-बाभळींमधून उड्या घेणारे काळवीट पाहिले की हे वर्णन कागदावरचे राहत नाही. अकोल्याचा डोंगरपट्टा उघडच आनूप आहे. संगमनेर, राहाता, श्रीरामपूरचा ऊसपट्टा मधला म्हणता येईल. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि कालव्यांनी त्या कोरडवाहू भागाची हवाही थोडीफार बदलली.

हे सगळे चहाच्या कपाशी जोडणारा नियम साधा आहे. ज्या गुणाचे खाल-प्याल तो गुण शरीरात वाढतो. विरुद्ध गुणाचे घेतले की तो घटतो. ओल, गारवा, जडपणा वाढला असेल तर उष्ण, तिखट, हलके हवे. कोरडेपणा वाढला असेल तर स्निग्ध आणि मधुर. दाह वाढला असेल तर शीत, कडू, तुरट, गोड. म्हणून आवणी करून आलेल्या माणसाला आल्याचा कोरा चहा मानवतो. कर्जतच्या मे महिन्यातल्या दुपारी तोच चहा तिसऱ्यांदा प्यायला तर आगीत तेल.

२०२० चा उन्हाळा

हा नियम विसरल्यावर काय होते, ते महाराष्ट्राने एकदा सामूहिकरीत्या अनुभवले आहे. कोविडच्या पहिल्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, केंद्रीय आयुष मंत्रालयाने ‘आयुष क्वाथ’ सुचवला. तुळशीची पाने चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग आणि मिरी एक भाग. या मिश्रणाची तीन ग्रॅम पूड दीडशे मिलिलिटर उकळत्या पाण्यात घालून दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायची होती. गूळ, मनुका, लिंबाचा रस ऐच्छिक.

घराघरांत मात्र प्रमाणाचा पत्ता राहिला नाही. पातेलेभर पाण्यात मूठभर सुंठ, मिरी, लवंग, ओवा, हळद असे हाताला लागेल ते पडले आणि काढा चार-चार वेळा प्यायला गेला. एप्रिल-मे म्हणजे नगरला चाळिशीपार गेलेला पारा. तोंड येणे, छातीत जळजळ, लघवीला आग, मूळव्याधीचा त्रास उफाळणे अशा तक्रारी वैद्यांकडे आणि डॉक्टरांकडे येऊ लागल्या. काढ्यातले चारही घटक उष्ण. तुळस आणि मिरी कफ-वाताला आवरतात, पण पित्त वाढवतात. थंडीत, सर्दी-पडशात किंवा दमट पावसाळ्यात जे मिश्रण शोभले असते, ते कोरड्या उन्हाळ्यात मुळातच उष्ण झालेल्या शरीरात ओतले गेले. दोष तुळशीचा नव्हता आणि सुंठीचाही नव्हता.

वर्षाची वाटणी

ऋतूंचे आयुर्वेदातले गणित महाराष्ट्राच्या हवामानाशी बऱ्यापैकी जुळते. वात ग्रीष्मात साठतो, पावसाळ्यात उसळतो. पित्त पावसाळ्यात साठते आणि शरदात, म्हणजे ऑक्टोबरच्या तापात, प्रकोप पावते. कफ थंडीत साठतो आणि वसंतात पातळ होऊन त्रास देतो. याच्या जोडीला अग्नी, म्हणजे पचनशक्ती. ती हेमंतात सर्वांत बळकट आणि पावसाळ्यात सर्वांत मंद.

त्यामुळे पावसाळ्यात पेय निवडताना पहिला विचार पोटाचा. सुंठ, आले, जिरे, ओवा, गवती चहा ही मंडळी इथे कामाची. सुंठीची एक खुबी अशी की ती चवीला तिखट आणि वीर्याने (म्हणजे उष्ण-शीत शक्तीने) उष्ण असली तरी पचनानंतरचा तिचा परिणाम, म्हणजे विपाक, मधुर मानला आहे. म्हणून ती मिरीइतकी कोरडी पडत नाही आणि वाताला मानवते. गवती चहा हाही उष्ण आणि तिखट-कडू. घाम आणणारा, पोटातला वायू मोकळा करणारा. अकोल्याच्या ओल्या जुलैत तो चपखल बसतो.

ऑक्टोबर आला की पेले बदलायला हवेत. वाळा, अनंतमूळ, ज्येष्ठमध, मनुका, बडीशेप, धने ही शरद आणि ग्रीष्माची फळी. वाळ्याची जुडी माठात टाकण्याची पद्धत नगर जिल्ह्यात आजही आहे. ती शोभेसाठी नाही. तापात तहान भागवण्यासाठी चरकाने सांगितलेल्या षडंगोदकात नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ अशी सहा द्रव्ये येतात. पाच थंड, एक उष्ण. थंड द्रव्यांनी अग्नी विझू नये म्हणून सुंठ सोबतीला. समतोल म्हणजे काय, हे या एका पाककृतीत कळते.

थंडीत नगरची रात्र बोचरी असते. पारा दहाच्या खाली उतरतो. अग्नी प्रखर असतो, भूक मोठी असते. तुळस-दालचिनी-सुंठीचा काढा जानेवारीच्या पहाटे निर्धास्त प्यावा. कोरड्या पट्ट्यात त्यात थोडे ज्येष्ठमध घालावे किंवा वर चमचाभर तूप घेतलेले जेवण असावे, कारण तिथली थंडी कोरडीही असते आणि नुसत्या तिखट-उष्ण पेयाने त्वचा व घसा आणखी शुष्क होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाक वाहायला लागले की हाच काढा ज्येष्ठमधाशिवाय घ्यावा. ज्येष्ठमध गोड आणि जड. वाढलेल्या कफात त्याचे प्रमाण आवरते ठेवतात.

उकळायचे, भिजवायचे की नुसते झाकायचे?

वनस्पती निवडली तरी अर्धेच काम होते. आयुर्वेदाने औषध उतरवण्याच्या पाच रीती सांगितल्या आहेत: अंगरस म्हणजे स्वरस, चटणी म्हणजे कल्क, उकळून आटवलेला क्वाथ, रात्रभर थंड पाण्यात भिजवलेला हिम आणि गरम पाण्यात घालून झाकून गाळलेला फांट. चरकाने त्यांचा क्रम ताकदीनुसार लावला आहे. स्वरस सर्वांत बलवान, फांट सर्वांत हलका. आजचा ‘हर्बल टी’ म्हणजे हा फांट.

शार्ङ्गधरसंहितेत प्रमाणेही दिली आहेत. क्वाथासाठी औषधाच्या सोळा पट पाणी घेऊन आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचे. हिमासाठी सहा पट थंड पाणी. फांटासाठी चार पट उकळते पाणी. आता बाजारातली चहाची पिशवी पाहा: दीड-दोन ग्रॅम चुरा, दोनशे मिलिलिटर पाणी. म्हणजे किमान शंभर पट. आयुष क्वाथही पन्नास पट पाण्यातला. ग्रंथातला फांट याहून कितीतरी दाट. त्यामुळे एखाद्या वनस्पतीचे ग्रंथोक्त गुण पाकिटावर छापले असले तरी कपात ते त्याच जोमाने उतरतील अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. कपातला चहा हा सौम्य आहार आहे आणि रोज पिण्याच्या दृष्टीने ते बरेच आहे.

कोणती वनस्पती कोणत्या रीतीने, याचे उत्तर तिच्या घटकांत आहे. गवती चहाचा वास सिट्रल या उडून जाणाऱ्या घटकामुळे येतो. त्याच्या तेलात बहुतांश वाटा सिट्रलचाच असतो. पातेले उघडे ठेवून दहा मिनिटे खळाखळा उकळले की तो वास स्वयंपाकघरभर दरवळतो, कपात मात्र उरत नाही. तुळस, पुदिना, बडीशेप, वेलदोडा यांचेही तसेच. यांच्यासाठी पाणी उकळल्यावर गॅस बंद करावा, पाने चुरून टाकावीत, पाच-सात मिनिटे झाकण ठेवावे. मुळे, साली, खोडे चिवट असतात. ज्येष्ठमध, अनंतमूळ, दालचिनी, गुळवेल यांना मंद आचेवर वेळ द्यावा लागतो. दोन्ही प्रकारांचे मिश्रण असेल तर आधी साल-मुळी उकळावी आणि पाने शेवटी टाकावीत.

हिमाचे घरगुती उदाहरण म्हणजे धन्याचे पाणी. दोन चमचे धने खलबत्त्यात जेमतेम भरडायचे. पीठ होऊ द्यायचे नाही, नाहीतर सकाळी पाणी गढूळ होते. कपभर पाण्यात रात्री भिजत ठेवायचे, सकाळी हाताने कुस्करून फडक्यातून गाळायचे आणि खडीसाखर घालून प्यायचे. आतला दाह आणि तहान यांसाठी शार्ङ्गधराने हा धान्यक हिम सांगितला आहे. गंमत अशी की भावप्रकाशासारख्या निघंटूत धने वीर्याने उष्ण म्हटले आहेत. तेच धने रात्रभर थंड पाण्यात राहून, साखरेची जोड घेऊन, दाहावर दिले जातात. औषधाच्या नावाइतकेच त्याच्यावरच्या संस्काराला महत्त्व आहे ते असे.

आणखी एक संस्कार हमखास चुकतो, तो मधाचा. वाफाळत्या काढ्यात चमचाभर मध ही आज सर्वमान्य सवय आहे. चरकाने तापवलेल्या किंवा उष्ण पदार्थात घातलेल्या मधाला स्पष्ट विरोध केला आहे. काढा कोमट झाल्यावर मध घालावा, नाहीतर गूळ वापरावा.

नगरचा धागा

या गुणधर्मविचाराची अभ्यासाची परंपरा नगर शहरात शंभर वर्षांहून जुनी आहे. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांचे नाव लावणारे आयुर्वेद महाविद्यालय इथे १९१७ साली सुरू झाले. गुणेशास्त्र्यांनी औषधिगुणधर्मशास्त्र मराठीतून लिहिले, त्यामुळे संस्कृत न येणाऱ्या वैद्यांनाही एकेका औषधाचा रस, वीर्य, विपाक आणि अवस्थेनुसार उपयोग मराठीत वाचता आला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात औषधी व सुगंधी वनस्पतींवर संशोधन चालते. आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० ची पद्मश्री मिळवली. वनस्पतीचे ज्ञान ग्रंथात, प्रयोगशाळेत आणि परसात अशा तिन्ही ठिकाणी एकाच जिल्ह्यात सापडते.

आधुनिक संशोधन यातल्या किती गोष्टींना दुजोरा देते? प्रकृतीच्या, म्हणजे माणसाच्या जन्मजात वात-पित्त-कफ घडणीच्या, कल्पनेवर काम झाले आहे. पुण्याचे संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी प्रकृती आणि जनुके यांचा संबंध तपासायला सुरुवात केली. २०१५ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन केंद्रासह अनेक संस्थांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३४१६ तरुणांमधून स्पष्ट प्रकृतीचे २६२ जण निवडून त्यांचा जनुकीय आराखडा पाहिला, तेव्हा पीजीएम१ या जनुकाचा पित्तप्रकृतीशी संबंध आढळला. हा अभ्यास प्रकृतीच्या वर्गीकरणाला थोडा आधार देतो. पित्ताच्या माणसाने कोणता चहा प्यावा, हे त्याने तपासलेले नाही. मोबाइलवर दहा प्रश्नांची उत्तरे देऊन ‘तुम्ही वातप्रकृतीचे’ असा निकाल घेणे आणि त्यावर महिन्याचा चहा मागवणे याला तर दोन्ही शास्त्रांचा आधार नाही. प्रकृती आयुष्यभराची असते. आजचा कफ, आजची जळजळ ही वेगळी गोष्ट. पेय आजच्या अवस्थेप्रमाणे निवडायचे असते.

जिथे थांबायचे

‘झाडपाला आहे, अपाय तर नाही’ हे वाक्य गुळवेलीने खोटे पाडले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले, ज्यांनी गुळवेलीचे सेवन केले होते. डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी त्यांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात स्वप्रतिकार आजारांची पार्श्वभूमी असलेल्यांना धोका अधिक दिसला. आयुष मंत्रालयाने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. गुळवेलीऐवजी तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल वापरली गेली असावी, असे त्याचे म्हणणे होते. त्या वेलीच्या राखाडी खोडावर गाठी-गाठी असतात. औषधी गुळवेलीचे खोड तसे गाठाळ नसते. वाद तज्ज्ञांचा असो. कुंपणावरची वेल ओळखीशिवाय तोडून महिनोन्‌महिने पिऊ नये, एवढे तरी दोन्ही बाजूंना मान्य व्हावे.

ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनमुळे रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम घटते. घसा बसला म्हणून चार दिवस चालेल. रक्तदाबाच्या रुग्णाने रोज नको. अडुळसा खोकल्यावर नावाजलेला आहे. त्यातल्या व्हॅसिसीनवरूनच ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झाले. पण तोच अडुळसा गर्भाशयाचे आकुंचन करतो, म्हणून गरोदरपणात वर्ज्य. बाजारातली स्वस्त, जाड दालचिनी बहुधा कॅसिया असते. तिच्यात कुमारिन जास्त असते आणि रोज मोठ्या प्रमाणात घेतल्यास ते यकृताला जाचते. पातळ पापुद्र्यांची सिलोन दालचिनी त्या मानाने निर्धोक.

चहा सोडून वनस्पतींकडे वळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साध्या चहातले टॅनिन जेवणातले लोह शोषू देत नाही हे माहीत असते. १९९९ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मधल्या अभ्यासात पुदिन्याच्या एका जातीच्या चहानेही लोहाचे शोषण ८४ टक्क्यांनी घटलेले आढळले, काळ्या चहाचा आकडा ७९ ते ९४ टक्के होता. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. भाकरी-भाजीसोबत किंवा जेवणानंतर लगेच कुठलाही चहा नको. तासाभराचे अंतर ठेवावे.

तेव्हा पाकीट उचलण्याआधी क्रम असा लावावा. बाहेर ओल आहे की कोरडे ऊन? भूक कशी आहे, तोंडाला चव आहे का, छातीत जळजळते का? मग द्रव्य: ओल आणि मंद भूक असेल तर आले, सुंठ, गवती चहा, दाह आणि तहान असेल तर धने, वाळा, अनंतमूळ, कोरडा घसा असेल तर थोडे ज्येष्ठमध. मग रीत: पाने झाकून, मुळे उकळून, धने भिजवून. एका वेळी दोन-तीन द्रव्ये पुरेत. दिवसातून एक-दोन कप, आणि ऋतू पालटला की पेयही पालटावे. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी किंवा यकृताची औषधे चालू असतील, किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना गोळ्यांची यादी सांगताना काढ्याचेही नाव सांगा.